फ्लोरेटा क्वाशीचा निरोप

ग्रँड बे, कॅरियाकू
९ नोव्हेंबर १९८८

लेम,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू ते न उघडताच मेव्हिसच्या हातात दिलं असशील, "तूच वाच, मला धीर नाही" म्हणून. मेव्हिस, तुला नमस्कार. आता हे तुझ्या नवऱ्याला परत दे.

नाताळच्या कार्डावर दोन ओळी, एवढंच आपलं बारा वर्षं चाललं आहे. तू बरा असतोस, मी बरी असते, देव दयाळू असतो. मॅमीला मातीत ठेवताना तू आला नाहीस. नंतर पिंपभर पडदे आणि प्लॅस्टिकची फुलं पाठवलीस, आणि मी ते पिंप न उघडता पुढच्या बोटीवर चढवून दिलं. त्याबद्दल मी आजही माफी मागत नाही. माणूस यायला हवा तिथे पडदे आले तर ते लावायचे कुठे?

पण हे पत्र भांडायला लिहीत नाही. निरोप द्यायला लिहिते आहे, आणि निरोप माझा नाही.

मॅमी स्वप्नात आली होती. मागच्या रविवारी, पहाटे. दारात उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, "फीमी, सगळ्यांच्या डोक्याशी दगड आहे, माझ्याच नाही. लेमला सांग, दगड घाल. त्याने स्वतः यायला हवं. त्याला सांग, मी त्याच्यावर रागावलेली नाही." एवढं बोलून गेली.

इंग्लंडात जन्म घालवलास तरी हे तुला समजावून सांगायला नको. मेलेलं माणूस स्वप्नात येऊन काही मागतं तेव्हा ते द्यावं लागतं. ज्याला निरोप येतो त्याने तो पोटात ठेवायचा नसतो, आणि ज्याच्यासाठी येतो त्याने कानाआड करायचा नसतो. पलीकडच्या वाडीतल्या लोकांनी कानाआड केला, तेव्हा त्यांच्या शेळ्या एकामागोमाग एक कशा मेल्या ते तुला आठवत असेल. तेव्हा ये. ईस्टरनंतर कोरडे दिवस असतात, तेव्हा दगडाची मेजवानी ठेवता येईल.

माझ्याबद्दल विशेष काही नाही. पाण्याच्या टाकीपाशी पाय घसरून पडले, उजवं मनगट मोडलं. दुपारभर तिथेच पडून होते. शेजारची ऑरेलिया तिची शेळी शोधत आली म्हणून सापडले. आता बरं आहे, अक्षर थोडं वाकडं येतं एवढंच. हे लिहिलं ते केवळ अक्षरासाठी. त्याचा निरोपाशी काही संबंध नाही.

तुझी बहीण
यूफीमिया


ग्रँड बे
६ जानेवारी १९८९

लेम,

तुझं पत्र मिळालं. एवढं लांब पत्र तू आयुष्यात कोणाला लिहिलं नसशील. स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचायला घेतलं आणि मग खुर्ची ओढून बसले.

तू विचारतोस, तिच्या अंगात काय होतं, तरुण दिसत होती की म्हातारी, काठी होती का, पायांत चपला होत्या का. निळा फ्रॉक होता, चर्चला जायचा. म्हातारीच होती, पण काठी नव्हती. पायांकडे मी पाहिलं नाही. स्वप्नात कोण पायांकडे बघतं? तू लहानपणापासून असाच. देवदूत दारात आला तर त्याला पंखांचं माप विचारशील.

दुसरं जे लिहिलंस ते तू मला का लिहिलंस, लेम? मी विचारलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी हिल्सबरोच्या तार ऑफिसात तुझा फोन आला, "रजा मिळत नाही" म्हणालास, आणि मी ते तुझ्या गिरणीवाल्यांच्या नावाने बोटं मोडत गावाला सांगितलं. आता तू लिहितोस की रजा मागितलीच नव्हतीस. मॅमीला शवपेटीत बघायची छाती झाली नाही. तेव्हापासून रोज झोपताना तिला म्हणत आलास, एकदा ये, शिव्या घालायला ये. ती आली नाही, आणि तू समजलास की तिने तुला टाकलं. मग माझं पत्र आलं. ते "रागावलेली नाही" वाचून कामावर जाणाऱ्या बसमध्ये तू रडलास आणि शेजारच्या अनोळखी बाईने तुला पेपरमिंट दिलं.

हे वाचून मला काय वाटलं ते लिहायला बसले तर कागद पुरणार नाही. तुझं ओझं उतरलं असेल तर चांगलंच आहे.

पण तिकडच्या आपल्या बेटावरच्या लोकांच्या हॉलमध्ये, सगळ्या हडर्सफील्डसमोर उभं राहून तो निरोप सांगायची तुला काय गरज होती? मी इथे अजून कोणाला बोलले नव्हते. तुझ्या हॉलमधल्या प्रत्येकाने घरी पत्र टाकलं. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी टांटी लुसिंडा काठी आपटत माझ्या अंगणात. तीच ती, जिने गाणं उचलल्याशिवाय या गावात एकही मेजवानी सुरू होत नाही. आता नव्वदीला आली, पण जीभ अजून तिशीत आहे.

"मेलेली फ्लो तुझ्या दारात येते आणि मला ते हडर्सफील्डहून कळतं? माझं घर त्या तिथे दिसतंय. तेवढी वाट चालायला निरोपाला दोनदा समुद्र ओलांडावा लागला होय गं?"

"टांटी, मी सांगणारच होते."

"कधी? मी मेल्यावर तुझ्या स्वप्नात येऊन विचारल्यावर?"

तेव्हापासून रोज कोणी ना कोणी येतं आणि मला ते स्वप्न पहिल्यापासून सांगावं लागतं. लोकांना पुन्हापुन्हा ऐकायचं असतं, आणि तेच तेच सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात. परवा सांगताना मॅमीच्या हातात कंदील आला. काल तो विझलेला होता, आणि एक बाई म्हणाली, विझलेला म्हणजे दगड नसल्याची खूण. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली.

तू त्या हॉलमधली बारा माणसं घेऊन येतोस म्हणे. बायकांच्या कमरेची मापं पाठव, नाचाचे झगे मी शिवीन. मनगटाला तेवढं जमतं.

यूफीमिया


ग्रँड बे
२६ फेब्रुवारी १९८९

लेम,

दगड झाला. बेडो मिस्त्रींनी सिमेंटचा ओतला आणि स्वतः पांढरा रंगवला. मला विचारत होते, "मिस फीमी, नाव केवढं काढू?"

"लांबून वाचता येईल एवढं काढा."

"लांबून म्हणजे? इंग्लंडहून?" आणि स्वतःच पोट धरून हसले. मीही हसले. हल्ली मी सगळ्यांबरोबर हसते.

मका कांडून झाला. तुरीच्या शेंगा पोत्यांनी आल्या आहेत. वाडवडिलांच्या ताटात मीठ नको म्हणून त्यांचं भांडं वेगळं काढलं. केन्रिक ढोलांवर नवीन कातडं चढवतो आहे. त्याने आपला सगळ्यात मोठा बोकड देऊ केला. म्हणाला, फ्लो आजीने स्वतः मागितलंय तर नाही कसं म्हणू? मी त्याला हाताने नको नको करत होते आणि तो त्याला माझा नम्रपणा समजत होता.

ऑरेलियाबद्दल लिहायचं आहे. तिचा अ‍ॅल्विन त्रिनिदादला जाणाऱ्या गलबतावर होता, ते गलबत पोचलंच नाही. तू गेल्यानंतरची गोष्ट आहे. फळी नाही, कपडा नाही, काही सापडलं नाही. ज्याला माती नाही त्याला दगड कुठे घालायचा, म्हणून तिने आजवर काहीच केलं नाही. फक्त त्याचे बूट पुसते.

परवा ती आली. माझ्याबरोबर शेंगा सोलत बसली. मग म्हणाली, "फीमी, फ्लो परत आली तर एक विचारशील? माझा अ‍ॅल्विन तिकडे तिच्याजवळ पोचला का, एवढंच. पोचला असेल तर मी वाट बघणं सोडीन."

मी म्हणाले, विचारीन.

लेम, मी तिच्या डोळ्यांत बघून विचारीन म्हणाले. आज याहून जास्त लिहवत नाही. मनगट दुखतं.

यूफीमिया


ग्रँड बे
१४ मार्च १९८९

लेम,

मॅमी आली नव्हती.

नोव्हेंबरात आली नव्हती, त्याआधीही कधी आली नव्हती. ती गेल्यापासून एकदाही माझ्या स्वप्नात आलेली नाही. तुला वाटायचं की तुलाच टाकलंय. मी तिची बेडपॅन धुतली, तिचे केस विंचरले, तिच्याच पलंगाला लागून झोपले, आणि मलाही तिने एक शब्द पाठवला नाही. निळा फ्रॉक मी तिच्या पेटाऱ्यातून बाहेर काढला. कंदील कुठून आणला देव जाणे.

त्या दुपारी टाकीपाशी पडले तेव्हा मी आधी मॅमीला हाका मारल्या आणि मग तुला. दोघंही सारखीच लांब होतात. ऑरेलिया आली नसती तर मी तिथेच वाळले असते आणि गावाला वासाने कळलं असतं. मनगटाला फळी बांधलेली असतानाच डाव्या हाताने तुला लिहायला बसले, "लेम, मला एकटीला भीती वाटते, ये." वाचलं आणि फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. तुझं पिंप परत पाठवणारी बाई कोणत्या तोंडाने ये म्हणणार? म्हणून मॅमीचं तोंड उसनं घेतलं. फळी सुटल्यावर उजव्या हाताने, जमेल तेवढ्या चांगल्या अक्षरात.

तू यावंस एवढंच माझ्या मनात होतं. "रागावलेली नाही" हे वाक्य मी शेवटी असंच जोडलं, झग्याला लेस लावावी तसं. नेमकं तेच तू छातीशी धरून बसलास. त्याच्या भरवशावर तू मला ते रजेचं सांगितलंस, जे तू पाद्रीलाही सांगितलं नसशील. मी ते तुझ्याकडून फसवून काढून घेतलं. याची मला इतकी लाज वाटते की तुझं ते पत्र घरात कुठे ठेवावं ते कळत नाही. जिथे ठेवते तिथून ते माझ्याकडे बघतं.

ती तुझ्यावर रागावली होती की नाही, मला माहीत नाही. शेवटच्या दिवसांत तुझं नाव घ्यायची. कसं घ्यायची, मायेने की रागाने, ते मी लक्ष देऊन ऐकलं नाही, कारण ती माझं नाव घेत नव्हती.

ऑरेलियाला दिलेलं ते वचन घेऊन बसवेना. काल टांटी लुसिंडाकडे गेले. ती परातीत पाय बुडवून बसली होती.

"टांटी, मेजवानी थांबवता येईल का?"

"का? तुझा भाऊ येत नाही?"

"येतोय. पण..." आणि सगळं सांगितलं. मी गप्प झाले तेव्हा तिने काठी उचलली आणि माझ्या पोटरीवर एक ठेवून दिली. हलकेच नाही, वळ आहे.

"जिवंत माणसांशी लोक रोज खोटं बोलतात, देवही कंटाळून सोडून देतो. तू मेलेल्या बाईच्या नावावर बोललीस. तिकडे सगळ्या वाडवडिलांना कळलं की ग्रँड बेला जेवण आहे. ते निघालेत. आता मी त्यांना काय सांगू, जा परत, फीमीने थट्टा केली?"

"मग मी काय करू?"

"काय करू म्हणजे? जेवू घाल. दगड तर तिच्या डोक्याशी खरंच नाही ना? बारा वर्षं नाही. ती लाज खरी आहे, तुम्हा दोघांची आहे. पण ऐक. रिंगणात माफीचं गाणं सुरू झालं की घरच्यांना गुडघे टेकावे लागतात. पोटात हे घेऊन तू गुडघे टेकणार असशील तर दुसरी गाणारी शोध. त्याला कळल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

"आणि गावाला?"

"गावाला सांगायचं की नाही ते तो ठरवेल. माफी त्याची गेली, तुझं काय गेलंय? पण ऑरेलियाकडे तू जा. आजच जा."

गेले. त्याबद्दल आता लिहीत नाही.

तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. दगड मी बेडो मिस्त्रींना घेऊन लावीन. मला शिव्या घाल, पत्र टाकू नकोस, कार्डसुद्धा टाकू नकोस. पण तुझं ते पत्र मी कोणाला दाखवलेलं नाही आणि दाखवणार नाही, एवढा एक विश्वास ठेव. ठेवता येत असेल तर.

फीमी


ग्रँड बे
४ जून १९८९

लेम,

तू गेल्याला महिना होऊन गेला. कार्ड आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी जे तू पाहिलं नाहीस ते तुला सांगायला हवं.

माझ्या मार्चच्या पत्राला तुझं उत्तर नव्हतं. तुम्हाला घ्यायला बोटीच्या धक्क्यावर आले तेव्हा तुला ते मिळालंय की नाही हे मला ठाऊक नव्हतं. मेव्हिसने मिठी मारली. तू माझा हात हातात घेतलास आणि लगेच सोडलास, बँकेतला माणूस करतो तसा, आणि मला कळलं की मिळालंय. तुमचं सामान हिल्सबरोलाच मेव्हिसच्या मामाकडे उतरलं. मी तुझी खोली रंगवून घेतली होती, फिकट हिरवी. रंगाचा वास घरात होता म्हणून तुम्ही आला नाहीत असं मी लोकांना सांगितलं. बघ, सवय जात नाही.

मेजवानीच्या आधी दगड घरी आणून मॅमीच्या पलंगावर निजवला होता, पांढऱ्या चादरीखाली, रीतीप्रमाणे. मी खाली चटईवर होते. तांदूळ आणि रम शिंपडताना मी त्या दगडालाच म्हणाले, "मॅमी, ऊठ आणि मला एक थोबाडीत मार." चादर हललीसुद्धा नाही.

मग रिंगण. ते तू पाहिलंस, पण तू खाली बघत होतास. पाणी आणि रम शिंपून झाली, ढोल गप्प होते, आणि टांटीने रीतीचा प्रश्न विचारला, "आम्हाला कोणी बोलावलं आणि कशासाठी?" सगळं गाव तुझ्याकडे वळलं. तू टोपी काढलीस.

"आमच्या आईला दगड नव्हता. मी मुलगा असून घातला नाही. म्हणून बोलावलंय."

लोक थांबून राहिले. त्यांना स्वप्न ऐकायचं होतं. मागून कोणीतरी ओरडलं, "आणि निरोपाचं सांग की!"

तू म्हणालास, "ते फीमीला विचारा."

लेम, तेव्हा मला तुझा एवढा राग आला. तुझ्या हातात होतं ना, झाकायचं की उघडायचं? तू ते माझ्याच पदरात टाकलंस. सगळ्या डोळ्यांनी मला धरलं. तुझी हडर्सफील्डची माणसं, मी शिवलेल्या झग्यांत, अशी बघत होती की आता मी गाणंच म्हणणार. आणि मी म्हणाले, "निरोप आला नव्हता. मॅमी आली नव्हती. मी बनवलं."

ढोलावर बसलेल्या केन्रिकने हळूच विचारलं, "मग कंदील, मिस फीमी?"

"कंदीलही नव्हता."

तेव्हा हसू फुटलं. एका कोपऱ्यातून सुरू झालं आणि सगळ्या रिंगणाला फिरून आलं. मला वाटलं होतं लोक थुंकतील. ते हसले, आणि ते जास्त झोंबलं. आता मी दुकानात गेले की पोरं विचारतात, "मिस फीमी, रात्री कोण आलं होतं?" मी मरेपर्यंत विचारतील. त्याला माझा इलाज नाही.

टांटीने ते हसणं कापत गाणं उचललं आणि आपण दोघं गुडघ्यांवर गेलो. तुझ्या माझ्यात एक माणूस मावेल एवढी जागा होती. तू रडत होतास. मी रडले नाही, मला फक्त ऐकू येत होतं की तू "मॅमी, मी आलो नाही, मॅमी, मी आलो नाही" एवढंच म्हणतोस. सगळं गाव ऐकत होतं आणि तू लपवलं नाहीस. माझ्यामागोमाग तूही सांगून टाकलंस. तेव्हा माझा राग गेला.

नंतर आपल्या टेम्ने लोकांचा, आफ्रिकेहून आलेल्या आपल्या वाडवडिलांचा, नाच आला, आणि तुझी माणसं टाच आधी टेकून नाचली, तेव्हा इथली तरणी मुलं फिदीफिदी करायला लागली. टांटी त्यांच्यावर काठी घेऊन धावली ते तू पाहिलंस, पण काय म्हणाली ते ढोलांत तुला ऐकू गेलं नसेल. म्हणाली, "हसता काय माकडांनो? ही फ्लोच्या काळची चाल आहे. आपण पर्यटकांपुढे नाचून नाचून बदलली, यांनी थंडीत कुडकुडत सांभाळली." ते तुझ्या लोकांना सांग, त्यांना बरं वाटेल.

आता ऑरेलियाचं, जे मार्चमध्ये लिहिलं नाही. मी तिच्या घरी जाऊन सांगितलं तेव्हा ती शेळीची धार काढत होती. थांबली नाही. म्हणाली, "मला वाटलंच होतं. जिवंत असताना एका छपराखाली राहून तुम्ही मायलेकी दिवसात चार शब्द बोलत नव्हता. ती मेल्यावर गप्पा मारायला कशाला येईल?" मी म्हणाले, "ऑरेलिया, मला माफ कर." तेव्हा ती धार काढायची थांबली. मग म्हणाली, "तू विचारीन म्हणालीस त्या दिवशी मला सलग झोप लागली होती, फीमी. आता पुन्हा लागत नाही." एवढंच बोलली. तरी मेजवानीला आली, भांडी घासायला शेवटपर्यंत थांबली, आणि मी टाकीवर जाते तेव्हा अजूनही तिच्या अंगणातून माझ्यावर लक्ष ठेवते. मी तिच्याकडे वर मान करून बघू शकत नाही. हे तुला रिंगणात दिसलं नसतं.

आणि मग तू निघालास तेव्हा, बोटीच्या धक्क्यावर. सगळे चढले होते, मेव्हिस वरून हाका मारत होती. तू माझ्याजवळ आलास, बोटीकडे बघत उभा राहिलास, आणि म्हणालास, "तू नुसतं ये म्हणून लिहिलं असतंस, फीमी, तर मी आलो नसतो." आणि गेलास.

मी ते वाक्य घेऊन घरी आले. पहिले काही दिवस भांडी आपटत होते. मी एवढं नाक घासलं गावापुढे आणि जाताजाता हे ऐकवतोस? मेलेल्या आईसाठी समुद्र ओलांडतोस आणि माझ्यासाठी नाही? एकदा तर पाय आपटत तार ऑफिसापर्यंत गेले, तुला फोनवर चार शब्द सुनवायला, आणि बंद दार बघून परत आले. मग एका दिवशी शेळ्यांना पाणी देताना लक्षात आलं की हे तू मला टोचायला बोलला नव्हतास. तुला हे स्वतःबद्दल नुकतंच कळलं होतं आणि ते कोणाला तरी सांगायला हवं होतं. माझ्याशिवाय कोणाला सांगणार? घरात लाज वाटून घ्यायला आता आपण दोघंच उरलो.

मॅमी अजून आलेली नाही. दगड लागला, ताट वाढलं, वाडवडील जेवून गेले असं टांटी म्हणते. मी रोज झोपताना दार थोडं उघडं ठेवते. येत नाही. तिचं कारण तिला माहीत.

तेव्हा नोव्हेंबरात जे फाडलं ते आता लिहिते, आणि यात दुसऱ्या कोणाचं तोंड नाही. लेम, मला एकटं वाटतं. टाकीवर जाताना भीती वाटते. संध्याकाळी कोणाशी तरी भांडावंसं वाटतं आणि भांडायला कोणी नसतं. मला तुझी आठवण येते, तू पोरगा असतानाची नाही, आत्ताच्या, त्या टक्कल पडलेल्या, खाली बघणाऱ्या माणसाची, ज्याच्याशी मी धड दहा वाक्यंही बोलले नाही. ये. राहायला ये. मेव्हिसला आण किंवा नको आणूस. कामाचं, रजेचं काही असेल तर खरं असेल तेच सांग, मला चालेल.

तू म्हणालास तसंच झालं आणि नाही आलास, तरी माझा दगड घालायला तू येशील, याची मला पक्की खात्री आहे. हॉलभर माणसं घेऊन येशील, रिंगणात गुडघे टेकशील, चांगला रडशील. फक्त मला ते दिसणार नाही.

त्याआधी ये.

तुझी
फीमी